खोक्यातलं घर आणि दवबिंदी परी

पाखरबागेत काय नव्हतं? शेंदरी जास्वंदी होत्या, हळदपिवळी शेवंती होती, जांभळी गोकर्ण होती. तळ्याकाठच्या पांढऱ्या सोनटक्क्याचा तर असा घमघमाट सुटायचा, की फुलपाखरंसुद्धा घटकाभर पंख मिटून बसायची. अशा या बागेच्या पार शेवटच्या कोपऱ्यात, जिथे राजवाड्यातला केरकचरा आणून टाकायचे, तिथे एक झोपडी होती. तिच्यात मात्र फारसं काही नव्हतं.

झोपडीत राहायचा धर्मा माळी, त्याची बायको गिरजा आणि त्यांची आठ वर्षांची अनसू. पावसाळ्याच्या तोंडी धर्मा आंब्याच्या झाडावरून पडला. राणीसरकारांचा पोपट शेंड्यावर जाऊन बसला होता, त्याला उतरवायला धर्मा चढला. पोपट वर उडाला आणि धर्मा खाली आला! वैद्यबुवांनी पायाला कामट्या बांधल्या आणि बजावलं, "चार महिने पाय हलवायचा नाही." काम थांबलं तसा पगारही थांबला. मग गिरजा सकाळी लवकर उठून झाडाखाली पडलेली फुलं वेचायची, गजरे ओवायची आणि डोक्यावर पाटी घेऊन दोन कोसांवरच्या बाजाराला जायची. घरी राहायची अनसू. वडिलांना, म्हणजे तात्यांना, पाणी द्यायचं, भाकरी वाढायची, उशी सरळ करायची, हे सगळं तिचं काम.

खेळणं असं तिच्याकडे एकही नव्हतं. पण तिची नजर भारी होती. लोक ज्याला कचरा म्हणायचे, तो तिला कचरा दिसायचाच नाही.

केराच्या ढिगात तिला एकदा आंब्याची रिकामी पेटी सापडली. तिने ती जास्वंदीच्या कुंपणाखाली आडवी ठेवली आणि म्हणाली, "हे घर." झालं, त्या दिवसापासून घर सजायला लागलं. तीन काड्यापेट्या एकीवर एक चिकटवल्या, त्यांना मिरीचे दाणे लावले, की खणांचं कपाट तयार. दोऱ्याचं रिकामं रीळ उभं केलं की मेज. बाटलीची बुचं म्हणजे बसायची स्टुलं, सदऱ्याची बटणं म्हणजे ताटल्या, पेनाचं फुटकं टोपण म्हणजे फुलदाणी. चॉकलेटची चांदी नखाने घासघासून गुळगुळीत केली आणि भिंतीवर आरसा लावला. तुटक्या बांगड्यांचे हिरवे, लाल, निळे तुकडे दोऱ्याला बांधून छताला टांगले. ऊन आलं, की भिंतीवर रंगांचे चिमुकले ठिपके नाचायचे. ज्वारीच्या चिपाडांचा पलंग, त्यावर सावरीच्या कापसाची गादी आणि आईच्या फाटक्या लुगड्याच्या चिंध्यांची तळहाताएवढी गोधडी.

आणि हे सगळं चिकटवलं कशाने, ठाऊक आहे? भाताच्या शितांनी. रोज जेवताना अनसू आपल्या ताटातली चार शितं बाजूला ठेवायची. ताटात भातच मोजका असायचा, तरी ठेवायची.

घर झकास झालं. पण त्यात राहायला कुणी नव्हतं. अनसूकडे बाहुली नव्हती ना!

एके दिवशी सकाळी ती घरात डोकावली आणि जागच्या जागी थिजली. पलंगावरची गोधडी विस्कटली होती. काल संध्याकाळी तर तिने ती नीट चार घड्या घालून ठेवली होती! बटणाच्या ताटलीत मधाचा ओशट डाग होता. आणि आरशावर, अगदी मधोमध, तिळाएवढा एक बोटाचा ठसा.

अनसूच्या अंगावर सर्रकन काटा आला. उंदीर गोधडी पांघरत नाही आणि मुंगी आरशात बघत नाही. मग कोण?

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती उजाडताच आली, जास्वंदीची फांदी हळूच बाजूला केली आणि तिने श्वास रोखला. पलंगावर कुणीतरी गाढ झोपलं होतं! उंची अनसूच्या करंगळीएवढी. अंगात गोकर्णीच्या पाकळीचा जांभळा झगा, पाठीवर चकाकणारे चार इवले पंख आणि कुरळ्या केसांत मोहरीएवढा दवाचा थेंब, लखलख करणारा. उशाशी एक काडी होती आणि तिचं टोक चांदणीसारखं मिणमिणत होतं.

तेवढ्यात तिने डोळे उघडले. दोघी एकदमच किंचाळल्या. फरक इतकाच, की अनसूची किंकाळी बागभर ऐकू गेली आणि तिची एका मुंगीने ऐकली.

"कोण तुम्ही?" अनसूने धीर करून विचारलं.

"मी दवबिंदी परी," ती गोधडी छातीशी धरून म्हणाली. "आणि तू कोण, एवढी मोठी?"

"मी अनसू. हे घर मीच केलंय."

परीचे डोळे बटणाएवढे झाले. "तू? या हातांनी? अगं, मला वाटलं हे आपोआपच उगवलं असेल! आम्हा पऱ्यांना घर नसतं बघ. आज या फुलात, उद्या त्या फुलात. संध्याकाळी फूल मिटलं की निघायचं, गळून पडलं तर मग विचारूच नकोस. तीन रात्री मी इथे झोपले, आणि एकदाही कुणी खाली पाडलं नाही मला." मग ती जराशी लाजली. "न विचारता झोपले. रागावलीस?"

"छे हो! घर रिकामंच होतं," अनसू म्हणाली.

दवबिंदी पलंगावरून उतरली आणि तिने आपली मिणमिणती काडी हातात घेतली. "ही माझी चांदणकाडी. तुझ्या तीन इच्छा मी पुऱ्या करीन. पण नियम आहेत हं! जे हवं असेल, ते आधी तू स्वतःच्या हाताने इवलंसं करायचं. तू छोटं केलंस, की मी मोठं करीन. दुसरं म्हणजे, कुणीतरी टाकून दिलेल्या वस्तूंचंच करायचं, नवं काही वापरायचं नाही. आणि तिसरा नियम सगळ्यात कडक." तिने काडी नाचवली. "मला कधी काहीही द्यायचं नाही. परी देते, घेत नाही. माणसाच्या हातून मी काही घेतलं, की उरलेल्या सगळ्या इच्छा विझल्याच म्हणून समज."

"मग तुम्ही माझा पलंग घेतलात, तो?"

"घेतला नाही, नुसती झोपले!" दवबिंदी घाईघाईने म्हणाली. "तू कुठे दिला होतास?" आणि तिचे गाल जास्वंदीसारखे लालभडक झाले.

अनसूला पहिली इच्छा शोधावी लागलीच नाही. तात्यांची पाठ जमिनीवर पडून पडून सोलवटली होती. तिने तीन काड्यापेट्या घेतल्या, चार चिपाडं घेतली, तात्यांच्याच जुन्या धोतराची पट्टी घेतली आणि दुपारपर्यंत इटुकली आरामखुर्ची तयार केली. दवबिंदीने तिला चांदणकाडी टेकवली. टिंग्!

"जा घरी," परी हसून म्हणाली.

अनसू पळत घरी गेली तर दारातच तिला तात्यांची हाक ऐकू आली, "अनसूऽऽ! अगं, लवकर ये! घरात कोंबडा शिरलाय!"

आत खुर्ची होती. खरीखुरी, ऐसपैस, तात्या पाय लांब करून बसतील एवढी. पण जशी केली होती तशीच्या तशी! काड्यापेटीवर लाल कोंबड्याचं चित्र होतं ना, तो कोंबडा आता खुर्चीच्या पाठीवर पुरुषभर उंच उभा होता. धोतराच्या पट्टीवरचे टाके दोरखंडाएवढे झाले होते. आणि खुर्चीच्या हाताच्या सांध्यावर जे एक शीत चिकटवलं होतं, ते झालं होतं दुधी भोपळ्याएवढं. त्याच्याभोवती अनसूच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, परातीएवढा.

अनसूने तात्यांना हाताला धरून बसवलं. पाठ टेकली मात्र, त्यांचे डोळे भरून आले. "पोरी," ते हळूच म्हणाले, "किती महिन्यांनी मला खिडकीतून झाडं दिसतायत."

दुसरी इच्छा आईची. एवढी जड पाटी डोक्यावर घेऊन चार कोस जायचं-यायचं, आईची मान अवघडून जायची. अनसूने काड्यापेटीच्या खणाला चार बटणं लावली आणि हातगाडी केली. टिंग्! दुसऱ्या दिवशी बाजारात हा गोंधळ! गाडीला चाकं म्हणून चार शुभ्र बटणं, प्रत्येक बटण भाकरीच्या तव्याच्या दुप्पट आणि त्यात चार चार भोकं. पोरं भोकातून हात घालून बघायला लागली, बायका बघता बघता गजरे घ्यायला लागल्या आणि गिरजा दुपारच्या आत रिकामी गाडी ढकलत घरी आली. "अगं बाई, मला स्वप्न पडलंय का जागी आहे मी?" एवढंच ती सारखं म्हणत होती. अनसूने तिला आणि तात्यांना परीची सगळी गोष्ट सांगितली. गिरजाने आधी लेकीच्या कपाळाला हात लावून ताप नाही ना ते पाहिलं. मग गाडीच्या चाकाला हात लावून पाहिला, आणि दुसऱ्या दिवशीचे गजरे ओवायला बसली.

असे बरे दिवस आले, तोच बातमी आली. बातमी घेऊन आले राजवाड्याचे कारभारी विसाजीपंत. त्यांची पगडी तांबडीलाल, मिशा टोकदार आणि आवाज असा, की झाडावरचे रावे उडून जावेत. कोंबड्याची खुर्ची बघून त्यांच्या भुवया पगडीत शिरल्या, पण त्यांनी विचारलं काहीच नाही. विचारलं असतं तर आपल्याला काही माहीत नाही असं दिसलं असतं ना!

"धर्मा," ते म्हणाले, "या कोपऱ्यात कारंजं करायचं ठरलंय. परवा दुपारी झोपडी पाडणार. तुझा पाय मोडका, बागेत तुझा उपयोग नाही. नवा माळी येतोय. सामान काढून ठेव."

"पंत, पाय बरा होतोय. दिवाळीपर्यंत..."

"परवा दुपारी," पंत म्हणाले आणि निघून गेले.

आईने तोंडाला पदर लावला. तात्या खिडकीबाहेर बघत राहिले. पंधरा वर्षं त्यांनी ही बाग राखली होती, आणि आता त्यांना चार पावलं चालताही येत नव्हतं. त्यांना घेऊन जायचं तरी कुठे?

"तात्या, रडू नका," अनसू एकदम म्हणाली. "एक इच्छा अजून शिल्लक आहे. मी घर करते. ओढ्यापलीकडच्या माळावर उभं करू, तिथे कुणाचीच बाग नाही!"

आणि ती कामाला लागली. पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या केल्या, त्यांना चुन्याचा हात दिला. नारळाच्या काथ्याने छप्पर शाकारलं. घरात चूल हवी, म्हणून मातीची केली. तात्यांसाठी खिडकी, मोठी, दोन फळ्यांची. आईसाठी कोनाडा. अक्रोडाच्या टरफलाचं घंगाळ केलं. नाचणीचे दाणे दारात मांडून रांगोळी काढली. छप्पर दोनदा कोसळलं, दोनदा उभं केलं. रागारागाने एकदा रीळही फेकून दिलं आणि मग स्वतःच शोधून आणलं. शितं कमी पडली तेव्हा तात्यांनी आपल्या ताटातला भात पुढे सरकवला आणि आई म्हणाली, "माझाही घे गं." हिरव्या खणाचा वीतभर तुकडा उरला होता, राजवाड्याच्या शिंप्याने फेकलेला. त्याचे तिने पडदे शिवले आणि तरी दोन बोटं तुकडा उरला.

तो दिवस उजाडला. आई गजरे विकायला गेली. त्या दिवशी तरी जायला तिचं मन होईना, पण चूल पेटायची तर जायला हवंच होतं. दुपार व्हायला आली तेव्हा अनसूने शेवटचं शीत दाबलं आणि नवं घर झोपडीच्या दारात, अंगणात आणून ठेवलं. तात्यांची खुर्ची तिने कशीबशी उंबऱ्यापाशी ओढली. तात्या बघतच राहिले. "अगं, यात आपण तिघंही मावू की!" ते म्हणाले, आणि मग स्वतःशीच हसले.

दवबिंदी आली. उन्हातून सोनेरी धूळ सांडत, गिरक्या घेत. तिने घराभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, आत गेली, चुलीपाशी बसली, कोनाड्यावरून हात फिरवला. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"किती सुरेख केलंस गं," ती म्हणाली. "अनसू, ही शेवटची इच्छा. काडी टेकली, की त्याच क्षणी मी उजेडात विरून जाणार. मग परत भेट नाही. जिच्या तीन इच्छा झाल्या, तिच्याकडे परीला पुन्हा येता येत नाही. सांग, कुठे उभं करू घर?"

अनसूला घराचं भानच राहिलं नाही. दवबिंदी जाणार? कायमची? इतक्या लांब? तिच्या मनात एकच आलं, जे घरून कुणी बाईमाणूस लांब निघालं की तिच्या आईच्या मनात येतंच. "थांबा हं, एक मिनिट थांबा!" म्हणत ती आत पळाली. कोनाड्यातली कुंकवाची डबी घेतली. धान्याच्या डब्याच्या तळाशी थोडे तांदूळ होते, त्यातले पाच दाणे घेतले. खणाचा दोन बोटं उरलेला तुकडा घेतला. सुपारी नव्हती, म्हणून एक गुंज घेतली, लालचुटुक, काळ्या टोपीची.

"पदर पसरा," ती गुडघ्यांवर बसत म्हणाली.

"म्हणजे काय करू?" दवबिंदीने गोंधळून विचारलं.

"असा, दोन्ही हातांनी धरा."

परीला वाटलं, हा काहीतरी खेळ असावा. तिने आपल्या जांभळ्या झग्याचा घोळ दोन्ही हातांनी पुढे धरला. अनसूने गवताच्या काडीच्या टोकाने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, टाचणीच्या डोक्याएवढं. खण ठेवला, गुंज ठेवली, वर पाच दाणे तांदूळ घातले आणि वाकून नमस्कार केला.

फट्!

चांदणकाडीचं टोक विझलं. नुसतं विझलं नाही, काळंठिक्कर पडलं. अंगणातलं नवं घर पुठ्ठ्याचं होतं, पुठ्ठ्याचंच राहिलं.

द्यायचं नाही! परीला काही द्यायचं नाही! कशी विसरली अनसू हे? दोन दिवस हात दुखेपर्यंत राबली आणि अर्ध्या क्षणात सगळं स्वतःच्या हाताने घालवून बसली. "मी काय केलं हे! तात्या, मी घर घालवलं आपलं!" ती तिथेच मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. दवबिंदी भरल्या झग्याने तशीच उभी होती, पांढरीफटक.

आणि नेमक्या त्याच वेळी कुंपणाआडून आवाज आला, "चला रे, आटपा!" विसाजीपंत आले होते. मागे चार गडी, प्रत्येकाच्या खांद्यावर कुदळ.

अनसूने भीत भीत तात्यांकडे पाहिलं. आता तात्या रागावणार, याची तिला खात्रीच होती. चुकलंच होतं तसं. पण तात्यांनी काय केलं? त्यांनी हात लांब करून तिला जवळ ओढलं.

"रडू नको, अनसू. ओटीच भरलीस ना? मग चुकलं कुठे? लांबच्या वाटेला निघालेली लेक रिकाम्या ओटीने घरातून निघते का कधी? आईने शिकवलंय तेच केलंस." मग ते दवबिंदीकडे वळले. "बाई, तुमचा नियम मोडला, त्याची माफी असावी. पण या दारात तुमची ओटी भरली, म्हणजे आता तुम्ही या घरच्या लेक झालात. हे तुमचं माहेर. आज पाडतायत, त्याला इलाज नाही. पण उभं आहे तोवर तुमचंच आहे."

"काय म्हणालात?" दवबिंदीने विचारलं. तिचा आवाज इतका बारीक झाला, की तात्यांना पुढे वाकावं लागलं. "माहेर? माझं?"

"तुझंच की, पोरी."

कितीतरी हजार वर्षं दवबिंदी फुलाफुलांतून झोपली होती. कितीतरी लोकांच्या इच्छा तिने पुऱ्या केल्या होत्या. महाल दिले, मोत्यांचे सर दिले, पांढरे घोडे दिले. लोकांनी घेतलं आणि दारं लावून घेतली. तू कुठे राहतेस, हेही कुणी विचारलं नव्हतं. ती ओटीतल्या पाच दाण्यांकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून एक थेंब टपकन त्या खणावर पडला.

थेंब पडला आणि दवबिंदी वाढायला लागली!

करंगळीएवढी होती ती कणसाएवढी झाली, मग वेलीएवढी, मग थेट दाराच्या चौकटीएवढी. अंगावर जांभळं झळझळीत लुगडं, पाठीवर इंद्रधनुष्याचे चार पंख, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ओटीचा पदर तिने कमरेला खोचला आणि ती उंबऱ्यात उभी राहिली.

चारही गड्यांचे हात वरच्या वर राहिले. विसाजीपंतांचं तोंड जे उघडलं ते मिटेचना.

"कुदळी खाली!" दवबिंदी म्हणाली. "हे माझं माहेर आहे. याला कोण कुदळ लावतो, तेच बघते मी!"

"पण... पण तुमचा नियम..." अनसू हुंदके देत पुटपुटली. "इच्छा तर विझल्या ना, परीताई?"

"विझल्या," दवबिंदी तिच्याकडे वळून हसली. "ही तुझी इच्छा नव्हेच गं, ही माझी आहे. आपल्या माहेरासाठी लेकीने काय करावं, यावर परीलोकात नियमच नाही. कसा असेल? आजवर आमच्यातल्या एकीलाही माहेर नव्हतं!"

गड्यांनी घाबरून कुदळी टाकल्या. पण त्या जमिनीवर आडव्या पडल्याच नाहीत. पाती मातीत रुतली, दांडे उभेच्या उभे राहिले, थरथरले आणि त्यांना कोवळी पोपटी पालवी फुटली. बघता बघता चार कुदळींचे चार चाफे झाले, झोपडीच्या चार कोपऱ्यांना. डोईएवढे, छपराएवढे, छपरापेक्षाही उंच! पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी फुलांनी लदबदलेले. लोखंडाची पाती होती तिथे आता गार पाण्याचे झरे खुळखुळत होते.

"काय हो कारभारी," दवबिंदीने विचारलं, "माझ्या तात्यांचा पाय मोडला तो कुणाच्या कामात?"

"रा... राणीसरकारांच्या," पंत चाचरले.

"मग पाय बरा होईतो पगार कुणी द्यायचा?"

"आम्ही, ताईसाहेब! आम्हीच! मागचासुद्धा! आणि कारंजं काय, कुठेही होईल. तिकडे करू, पार तिकडे! इथे तर झरे आलेलेच आहेत." एवढं बोलून पंत निघाले ते इतक्या घाईने, की तांबडीलाल पगडी चाफ्याच्या फांदीला अडकली आणि तिथेच राहिली. गडी त्यांच्या पुढे पळत होते.

अंगण शांत झालं. अनसू अजूनही आ वासून बघत होती. एवढ्याशा वेळात एवढे धक्के बसले होते, की रडावं का हसावं तेच तिला कळेना. दवबिंदीने तिला उचलून कडेवर घेतलं आणि तिच्या गालावरचं पाणी पुसलं.

"शितं दाबून दाबून हात केवढे चिकट केलेस गं," ती म्हणाली.

"तू आता जाणार?" अनसूने विचारलं. 'तुम्ही' कधी गळून पडलं ते तिचं तिलाही कळलं नाही. "मग परत येता येणार नाही ना तुला?"

"इच्छा पुऱ्या करायला नाही येता येणार. पण माहेरी यायला कोण अडवतंय मला?"

तिने अनसूला खाली ठेवलं आणि तात्यांच्या पायांना वाकून हात लावला. ज्या पायाला कामट्या होत्या, त्याला जरा जास्तच वेळ. तात्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग दवबिंदीने ओटीचा पदर छातीशी घट्ट धरला. तिच्या पायाशी आधी दुधी उजेड फुटला, मग केशरी, मग सोनेरी. पंख झगमगले, चारही चाफ्यांची फुलं एकदम उजळली. त्या उजेडातून तिचा आवाज आला, "येते हं तात्या. अनसू, येते गं!"

आणि अंगणात नुसतं ऊन उरलं.

थोड्या वेळाने गिरजा रिकामी गाडी ढकलत धावत धावतच आली. झोपडी पाडली असेल, चिंधी न् चिंधी रस्त्यावर आली असेल, असं सगळ्या वाटभर तिच्या डोळ्यांसमोर येत होतं. कोपऱ्यावर वळली आणि ती खिळल्यासारखी उभीच राहिली. झोपडी जागेवर होती. चार कोपऱ्यांना चार फुललेले चाफे होते. एका चाफ्यावर कारभाऱ्यांची पगडी होती. आणि अनसूचे तात्या कोंबड्याच्या खुर्चीजवळ स्वतःच्या दोन्ही पायांवर उभे होते.

"अगं बाई! हे काय? कोण आलं होतं इथे?"

धर्माने डोळे पुसले. "आपली थोरली लेक आली होती," तो म्हणाला.

मग अनसूने सगळं सांगितलं, धापा टाकत, अर्धं उलटं, अर्धं सुलटं. गिरजा ऐकत होती. चाफे ऐकून ती गप्प राहिली, झरे ऐकून गप्प राहिली, पाय बरा झालेला तर समोरच दिसत होता. पण ओटी भरली आणि मग ती गेली, हे ऐकल्यावर मात्र तिने कपाळावर हात मारून घेतला.

"एवढी लेक माहेरी आली, आणि तुम्ही दोघांनी तिला तशीच उपाशी पाठवलीत?"